चाचांचे अर्जंट

"अर्जंट आहे" असे कोणी म्हटले की चाचा शिलाई मशीनच्या चाकावर उजवा तळवा ठेवत. चाक थांबे, पायाखालची पट्टी थांबे. मग ते चष्मा कपाळावर सरकवत आणि समोरच्याला एकच गोष्ट विचारत.

"दुसरा शे का?"

म्हणजे जो कपडा घाईने हवा आहे, त्याच्याऐवजी अंगात घालायला दुसरा आहे का. 'आहे' म्हटले की चष्मा परत डोळ्यांवर येई, तळवा निघे आणि मशीन सुरू होई. बोलणे संपले. गिऱ्हाईक तिथेच उभे राही.

तुमच्या गावातही शिंपी असेल, आणि दिलेल्या दिवशी कपडा न देण्याबद्दल तो प्रसिद्ध असेल. चाचा तसे नव्हते. दिलेला दिवस ते पाळत. फक्त तो दिवस गिऱ्हाइकाने सांगायचा नाही, चाचांनी सांगायचा, एवढीच गोष्ट होती.

तळोद्यात डोंगरातल्या गावांकडे जीपगाड्या सुटतात, त्या जागेच्या मागच्या गल्लीत त्यांचे दुकान होते. एक मशीन, कापायचे एक टेबल, भिंतीला लागून बाक आणि मागे दार. त्या दारातून त्यांचे घर. आजोबांपासून याच गल्लीत सुई चालते, असे ते सांगत. मी त्यांच्याकडची तुरपाई करायची, हूक आणि बटणे लावायची. मला चारचौघांत बोलता येत नाही. पुढे गिऱ्हाइके असत, म्हणून मी मागच्या दाराने जात असे. चाचांनी त्याचे कारण कधी विचारले नाही. काही दिवसांनी त्या दाराशी एक लाकडी पेटी आणून ठेवलेली दिसली. तिच्यावर बसून मी काम करी. तिथून पुढचे सगळे ऐकू येई, आणि मला कोणी बघत नसे.

त्यामुळे चाचांना मी जेवढे पाहिले, त्यापेक्षा जास्त ऐकले आहे.

एकदा तापीकाठच्या गावातली एक बाई आली. केळी, ऊस, कापूस, सगळे भरपूर असलेले घर. पुतण्याचा साखरपुडा होता.

"चाचा, हाऊ ब्लाउज अर्जंट शे."

चाक थांबले. "दुसरा शे का?"

"काय इचारतस चाचा. कपाट भरेल शे."

"मंग कपाटले सांग ना माय. मन्हाकडे कसाले येस?"

बाईने कापड टेबलावर ठेवले. मग म्हणाली, "ठीक शे. साखरपुडाना जेवनले या तुम्ही. पंगतमा बसनात का मी बी इचारसू, घरमा दुसरं जेवन शे का म्हनीसन."

"इचार. मी खरं सांगसू."

बाकावरची माणसे हसली, बाईही हसली. ब्लाउज तिला साखरपुडा झाल्यावर मिळाला. ती पुढच्या वर्षी पुन्हा आली, कारण चाचांच्या हातचा गळा दुसऱ्या कोणाला जमत नसे.

निवडणुकीला उभे राहिलेले एक गृहस्थ आले होते, त्यांचेही तसेच. सोबत चारसहा माणसे, सगळी दारात.

"उद्या सभा शे चाचा. कुर्ता अर्जंट लागी."

"दुसरा शे का?"

"शे, पन जुना शे."

"मंग बरं शे. लोके वळखतीन तरी."

मागे पेटीवर बसून मी पदर तोंडाला लावला. आता ते गृहस्थ चिडणार असे वाटले. पण निवडणूक जवळ आली होती, त्यामुळे ते गृहस्थ हसले. ते हसले म्हणून सोबतची माणसेही हसली.

चाचांच्या घरात तरी वेगळा न्याय असेल असे मला वाटायचे, पण तसे नव्हते. ईद जवळ आली की चाची मागच्या दारात येऊन उभ्या राहत. त्यांचे कापड फळीवर तसेच असे.

"मेरे कपडे कब अर्जंट होंगे?"

"तेरे पास दूसरे हैं."

"आदमी भी दूसरा देख लूँ क्या?"

"देख ले. पर माप बराबर लेना."

चाची माझ्याकडे बघून कपाळाला हात लावत आणि चहा ठेवायला आत जात. ईदच्या सकाळी मात्र त्यांच्या अंगावर नवीन कपडे असत. ते कधी शिवले जात, मला कळले नाही.

या अर्जंटचा अर्थ मी एकदा मुलाला विचारला होता. तेव्हा तो शाळेत होता. त्याने पुस्तकात बघून सांगितले, अर्जंट म्हणजे तातडीचा, निकडीचा. मी चौथीपर्यंत शिकलेली. अर्थ कळला, पण चाचांचे वागणे त्यात पुरते बसेना. मग एकदा दुकानात कोणी नसताना मी चाचांनाच विचारले. असे विचारायलाही मला बरेच दिवस लागले.

चाचा टेबलावर खडूने रेघ मारत होते. म्हणाले, "घाई मानुसले ऱ्हास. अर्जंट कपडा ऱ्हास. दोन्ही येगळं शे." मग रेघ पुरी करून म्हणाले, "जो कपडा मंग लागाव नही, तो अर्जंट. नवरीना ब्लाउज लगीनना दुसरा दिनले काय कामना? तो अर्जंट. जो आज बी लागी नि मंग बी लागी, त्यानी फक्त घाई."

म्हणजे नंतर ज्याचा उपयोगच राहणार नाही ते अर्जंट. मला हे पटले. त्या दिवसापासून हातात येणारा प्रत्येक कपडा मी त्या हिशेबाने बघू लागले, आणि खरोखरच अर्जंट असे फार थोडे निघाले.

होळीच्या आधी मात्र सगळे दुकानच अर्जंट होऊन जाई. सातपुड्यातल्या पाड्यांवरून माणसे बाजाराला उतरत. त्याच दिवशी कापड घ्यायचे, त्याच दिवशी शिवून घ्यायचे, कारण जीप परत जायची, आणि पुन्हा खाली उतरणे होळी झाल्यावरच. ही माणसे अर्जंट हा शब्द कधीच बोलत नसत. कापड टेबलावर ठेवत आणि बाकावर बसून राहत. चाचा त्यांचे आधी घेत. गावातल्या लोकांना याचा राग येई.

एका वर्षी एक माणूस आला. बाही खांद्यापासून फाटलेली. त्याने अंगातला शर्ट काढला, चाचांच्या हातात दिला आणि उघड्या अंगाने बाकावर बसला. चाचांनी त्याला काही विचारले नाही. "चादर लाओ," एवढे आत म्हणाले. चाचींनी दिलेली चादर मीच पुढे नेऊन दिली. चाचांनी मशीनवरची पँट बाजूला काढली आणि शर्ट घेतला.

पँटवाला तिथेच उभा होता. "चाचा, मन्हा नंबर व्हता."

"तू पँट घालीसनच उभा शे ना."

बाहेर जीपवाला हॉर्न वाजवू लागला. चाचा दारात गेले आणि नुसता हात वर केला. हॉर्न बंद झाला. त्या जागेवरच्या सगळ्या जीपवाल्यांना तो हात माहीत होता. शर्ट झाल्यावर त्या माणसाने चादरीची घडी घालून बाकावर ठेवली, शर्ट घातला, बाही ओढून बघितली आणि निघून गेला.

एवढे सगळे सांगितले, कारण यापुढचे त्याशिवाय समजणार नाही.

माझ्या सुनेचे बाळंतपण दिवस भरायच्या आधीच झाले. मुलगी झाली. इतकी लहान की माझ्या मुलाने फोनवर सांगताना 'मुलगी' म्हटले आणि लगेच तिचे वजन सांगितले. नंदुरबारच्या मोठ्या दवाखान्यात तिला काचेच्या पेटीत ठेवले. डॉक्टर म्हणाले, आताच काही सांगता येत नाही, वाट बघू.

आमच्या घरात मूल जन्मण्याच्या आधी त्याच्यासाठी सुईत दोरा ओवत नाहीत. पाचव्या दिवशी पाचवी पुजतात, तेव्हा आजीने नवीन झबले द्यायचे. माझी जेठाणी, म्हणजे थोरली जाऊ, म्हणाली, "पाचवीले नवं कापड तिना अंगले लागाले जोयजे. मंग देव करी ते." ती वाईट मनाने बोलली नव्हती. माझ्याही मनात तेच होते. एक तरी नवा कपडा त्या पोरीच्या अंगाला लागावा.

मी बाजारातून कापड आणले. पिवळे, बारीक फुलांचे, दोन झबली आणि टोपडे निघेल एवढे. झबले मला हाताने शिवता येते. पण कात्री हातात घेतली आणि ते कापड कापायला हात उचलेना. मग तसेच घेऊन मी चाचांकडे गेले. त्या दिवशी मागच्या दाराचे ध्यानातच आले नाही. पुढच्याच दाराने आत गेले. बाकावर तीनचार माणसे होती.

"चाचा, हाई अर्जंट शे," मी म्हणाले.

हा शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा तोंडातून काढला होता. चाक थांबले. चष्मा वर गेला.

"दुसरा शे का?"

"नही."

"कोन्हासाठे?"

मी सांगितले. माप म्हणून हाताने दाखवले, कोपरापासून मनगटापर्यंत. ती काचेच्या पेटीत आहे हे सांगितले. "पाचवीले अंगले लागाले जोयजे," मी म्हणाले. "मंग..."

"मंग काय?"

मी खाली बघत राहिले. "मंगनं माले माहीत नही चाचा."

चाचांनी कापड उलगडले, बोटांत धरून बघितले आणि पुन्हा नीट घडी घातली.

"नही वं बहिन. हाई अर्जंट नही," ते म्हणाले. "हाई मंग बी लागी."

आणि उठून त्यांनी ते सगळ्यात वरच्या फळीवर ठेवले. तिथे लग्नसराईचे कापड असे, ज्याला अजून बराच अवकाश होता. मग ते मशीनवर बसले आणि चाक फिरू लागले.

घरी आल्यावर जेठाणीने विचारले तेव्हा मी जे झाले ते सांगितले. ती खवळली. "जीप जास म्हनीसन डोंगरवालासना शर्ट शिवी देस. नि आपली पोरना झबलाले त्याले टाइम नही? तू त्याना घरनी बटनं लावतस, त्यानं बी काही नही?"

वाईट मलाही वाटले होते. कापड परत मागावे असे मनात आले, पण तेवढे तोंड माझ्याकडे नव्हते.

पाचवीच्या सकाळी चाची आमच्या घरी आल्या. त्या यापूर्वी कधी आल्या नव्हत्या. त्यांनी आपली एक जुनी पांढरी ओढणी आणली होती. धुवून, उन्हात वाळवून, चौकोनी घडी केलेली. म्हणाल्या, "ये बोले, बच्ची को नया चुभता है. पुराना नरम रहता है." जेठाणीने ती हातात घेतली, गालाला लावून बघितली आणि माझ्या पिशवीत ठेवली.

मी बसने नंदुरबारला गेले. दवाखान्यातल्या नर्सबाई म्हणाल्या, आत काही ठेवता येणार नाही. ते बरोबरच होते. मी ती ओढणी बाहेरून काचेला लावली, तिच्या पायांच्या बाजूला, आणि थोडा वेळ तशीच धरून उभी राहिले. पोरीचे डोळे मिटलेले होते. पोट मात्र वरखाली होत होते. सून खुर्चीवर बसून ते पोटच बघत होती. त्या पाचवीला आमच्याकडून एवढेच झाले.

परत आल्यावर मी कामाला जाऊ लागले. मागच्या दाराने. चाचा बाकी काही विचारत नसत. मी पेटीवर बसले की तिथूनच म्हणत, "दूध पेस का?" मी म्हणायची, "नळीवाटे देतस." दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. एकदा मी म्हणाले, "कालदिन ताप व्हता." तेव्हा मशीन बराच वेळ सुरू झाले नाही.

त्यानंतर एके दुपारी ते मापाची पट्टी गळ्यात घेऊन माझ्याजवळ येऊन उभे राहिले. वरच्या फळीवरचे पिवळे कापड त्यांच्या हातात होते.

"तुन्हा पोऱ्या लहानपने कसा व्हता? उंच का ठेंगना?"

मला कळेना. "उंच व्हता. काटकुळा."

"नि सून?"

"ती ठेंगनी शे."

ते विचार करत राहिले. "पोर बापवर जाई, असं धरूत," म्हणाले, आणि टेबलाकडे गेले. मी उठून दारातून बघितले. त्यांनी कापड पसरले आणि खडूने माप टाकले. ते झबल्याचे माप नव्हते. चालत्या, पळत्या मुलीच्या फ्रॉकचे होते. पोरगी अजून काचेच्या पेटीत होती, त्या दिवशीही डॉक्टरांनी वाट बघू असेच सांगितले होते, आणि चाचा तिच्यासाठी खांदा, कंबर, घेर असे खडूने काढत होते.

"चाचा, एवढं मोठं?"

"पोर काय पेटीमाच ऱ्हाई का?" त्यांनी वर न बघता म्हटले, आणि कात्री चालवली.

मी परत जागेवर येऊन बसले. सुईत दोरा जायला त्या दिवशी फार वेळ लागला.

पोरगी घरी आली. कशी आली, किती दिवसांनी आली, ते लांबचे आहे. शेवटी दूध तोंडाने प्यायला लागली, वजन भरले, आणि एक दिवस सून तिला मांडीवर घेऊन बसमधून तळोद्याला उतरली. दुसऱ्या दिवशी मी तिला कापडात गुंडाळून दुकानात नेले. चाचांनी मशीन थांबवले. हात सदऱ्याला पुसले, पण तिला घेतले नाही, नुसते बघितले. मग खुंटीवरचा फ्रॉक काढून तिच्यावर धरला. तिचे सगळे अंग त्याच्या एका बाजूखालीच झाकले गेले.

चाची दारातून म्हणाल्या, "ये फ्राक है के तंबू?"

चाचा माझ्याकडे फ्रॉक देत म्हणाले, "लागी तव्हय घालजो. घाई नही."

घरी आल्यावर मी तो उलटा करून बघितला. खांद्याला, कमरेला आणि खाली घेराला आत भरपूर माया सोडलेली होती, पुढे उसवून वाढवता येईल असे जादा कापड. घेराला तर घडीवर घडी. प्रत्येक घडीवर टीप वेगळी, म्हणजे एक उसवली तरी दुसरी हलू नये.

नंतर चाचांची नजर कमी झाली. सुईच्या नेढ्याआधी खडूची रेघ दिसेनाशी झाली, असे ते म्हणाले. त्यांचा मुलगा सुरतेला असतो. तो येऊन दोघांना घेऊन गेला. जाताना चाचांनी मशीन विकले नाही, गाडीत घातले. पुढच्या वर्षी गल्लीतला एक जण सुरतेहून आला आणि त्याने सांगितले की चाचा गेले. रमजान चालू होता, रोजा सोडून नमाजला उठले आणि बसले ते बसलेच. चाचींना भेटायला जावे असे मनात आहे. मी एकटी कधी सुरतेला गेलेली नाही.

दुकानाच्या जागी आता मोबाइलची कव्हरे मिळतात. मी बाजारातल्या दुसऱ्या दुकानाची तुरपाई करते. तिथे येणारे सगळे कपडे अर्जंट असतात. मीही करून देते, कोणाला काही विचारत नाही.

पोरगी अंगणवाडीत जाते. बापावर गेली आहे, उंच आणि काटकुळी. पिवळा फ्रॉक तिला पहिल्यांदा ती चालायला लागली तेव्हा नीट बसला. तेव्हापासून ती वाढली की मी घेराची एक घडी उसवते. आतल्या कापडाला ऊन लागलेले नसते, त्यामुळे ते दुकानातून आणल्यासारखे पिवळे निघते, आणि वरचे धुऊन धुऊन फिके झालेले असते. फ्रॉकला खाली पट्ट्यापट्ट्या दिसतात. शेजारच्या बाया विचारतात, हाई अशी का बरं? पोरगी त्यांना घेर दोन्ही हातांनी वर धरून पट्ट्या मोजून दाखवते.

आत अजून एक घडी शिल्लक आहे. यंदा मी ती उसवलेली नाही. ती मंग बी लागी.